संस्थांचीं नातीं आणि त्यांचीं इंग्रजी नांवें

माणसामाणसांतील नातीं सांगण्याच्या बाबतींत मराठी भाषा श्रीमंत आहे. काका आणि मामा, आत्या आणि मावशी, दीर, मेहुणा आणि साडू यांच्यांत मराठी घरांतील लहान मूलहि घोटाळा करीत नाहीं. इंग्रज मनुष्य काका, मामा, मावसा आणि आतोबा या चौघांनाहि एकाच 'अंकल' शब्दांत बसवितो. दीर आणि मेहुणा या दोघांची बोळवण तो 'ब्रदर-इन-लॉ' एवढ्यावरच करतो. याचें कारण उघड आहे. मराठी कुटुंबांत कोणाचा मान कोठें, कोणाचा वाटा कशांत, सुतक कोणाला किती दिवस, हें सारें नात्यावर ठरत असे. जेथें हक्क आणि कर्तव्य बदलतें तेथें शब्दहि निराळा लागतो.

संस्थासंस्थांतील नात्यांच्या बाबतींत हा हिशेब नेमका उलटा होतो. इंग्रजी बोलणाऱ्या समाजानें शतकानुशतकें व्यापारी कंपन्या काढल्या, विद्वत्सभा स्थापिल्या, विद्यापीठें चालविलीं, आणि त्या व्यवहारांतून 'ब्रँच', 'एजन्सी', 'सब्सिडिअरी', 'ॲफिलिएशन', 'असोसिएट', 'फेडरेशन' असे शब्द घडविले. त्यांतील प्रत्येकाच्या पाठीमागें एक ठराविक करार उभा आहे. मराठींत हे शब्द आले ते बहुधा दारावरच्या पाटीवरून आणि वर्तमानपत्रांतून. पाठीमागचा करार मात्र मागेंच राहिला. त्यामुळें सुशिक्षित घरांतहि 'ही त्यांचीच कंपनी', 'हें विद्यापीठाचेंच कॉलेज', 'ही त्याच बँकेची शाखा' अशीं विधानें सरसकट केलीं जातात, आणि त्यांतील एखादें खरें असलें तर दुसरें साफ खोटें असतें.

हा केवळ शुद्ध भाषेचा प्रश्न असता तर तो शाळामास्तरांवर सोपवून मोकळें होतां आलें असतें. परंतु अशाच एका शब्दाच्या आड मराठ्यांचें राज्य गेलेलें आहे. तेव्हां या शब्दांची हकीकत तेथूनच सुरू करणें योग्य होईल.

लॅटिन भाषेंतील 'सब्सिडियम' हा शब्द रोमन लष्करांतला. लढाईच्या वेळीं पुढील रांगांच्या मागें एक रांग राखून ठेवीत. पुढचे लोक थकले किंवा मोडूं लागले म्हणजे ती त्यांच्या मदतीस धावे. मागें बसून राहिलेली ही राखीव कुमक म्हणजे 'सब्सिडियम'. त्यावरूनच मदतीदाखल दिल्या जाणाऱ्या पैशास 'सब्सिडी' आणि साहाय्यकारी या अर्थानें 'सब्सिडिअरी' हे इंग्रजी शब्द निघाले. शब्दाचा मूळ भाव असा नम्र आहे. मागें राहावें, आणि हांक येईल तेव्हां पुढें व्हावें, एवढेंच त्यांत आहे.

लॉर्ड वेलस्ली हा १७९८ पासून १८०५ पर्यंत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. त्यानें हा नम्र शब्द राजनीतींत मोठ्या प्रमाणावर वापरला. देशी राजाच्या रक्षणासाठीं कंपनीनें फौज द्यावी, ती त्या राजाच्या मुलुखांत कायमची राहावी आणि तिचा खर्च राजानें सोसावा, अशी ही योजना होती. त्या फौजेचें नांव 'सब्सिडिअरी फोर्स'. १७९८ सालीं हैदराबादचा निजाम, १७९९ सालीं म्हैसूर आणि १८०१ सालीं अयोध्येचा नबाब या योजनेंत अधिकाधिक गुंतत गेले. मराठींत या फौजेला 'तैनाती फौज' असें नांव पडलें. तैनात असणें म्हणजे कोणाच्या तरी चाकरीस हजर असणें. म्हणजे इंग्रजी नांवांत फौज मदतनीस होती आणि मराठी नांवांत ती चाकर होती. दोन्ही नांवें ऐकणाऱ्याला असेंच वाटावें कीं, राजा हा धनी आहे.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ यशवंतराव होळकरानें पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोंकणांत उतरला आणि अखेर वसईस इंग्रजांच्या आश्रयास गेला. तेथें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें तहावर सही केली. कमींत कमी ६,००० कवायती पायदळ आणि त्यास लागणारा तोफखाना पेशव्यांच्या मुलुखांत कायमचा राहावयाचा होता. त्याच्या खर्चासाठीं २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा प्रदेश कंपनीस तोडून द्यावयाचा होता. निजाम आणि गायकवाड यांच्याशीं असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मान्य करावयाचा, इंग्रजांशीं वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीस ठेवावयाचें नाहीं, आणि इतर सत्तांशीं कंपनीस विचारल्यावांचून बोलणें लावावयाचें नाहीं, हींहि कलमें त्यांत होतीं. शिवाय ही फौज किरकोळ कामांस लावावयाची नव्हती, आणि शिबंदीप्रमाणें वसुलीच्या कामासहि ती मिळावयाची नव्हती. धन्यानें कोणतें काम सांगावें आणि कोणतें सांगूं नये हें चाकरानेंच आधीं लिहून घेतलें होतें.

या तहाकडे पाहतांना 'सब्सिडिअरी' या शब्दाचा कोशांतील अर्थ बाजूस ठेवून तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. पैसा कोणाचा? अधिकारी नेमणार कोण? आणि नातें नकोसें झालें तर तें तोडण्याचा अधिकार कोणाला? वसईच्या तहांत पैसा पेशव्यांचा होता. फौजेचे अधिकारी कंपनी नेमणार होती. नातें कायमचें होतें. तें तोडण्याची वाट पेशव्यांना ठेवलेलीच नव्हती. तीनहि उत्तरें एकत्र ठेवलीं म्हणजे धनी कोण आणि चाकर कोण हें सांगावयास कोश उघडावा लागत नाहीं.

पुढील इतिहासानें तेंच सिद्ध केलें. मे १८०३ मध्यें इंग्रज फौजेनें बाजीरावास पुण्याच्या मसनदीवर पुन्हां बसविलें. जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें त्याच्याकडून मराठेशाहीचें प्रमुखपणहि सोडवून घेण्यांत आलें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई झाली, तेव्हां पेशव्यांच्या सैन्यासमोर उभ्या राहिलेल्या इंग्रज बाजूंत त्यांच्याच रक्षणासाठीं पुण्यास ठेवलेल्या तैनाती फौजेच्या पलटणी होत्या. जून १८१८ मध्यें बाजीराव शरण आला आणि वर्षासन घेऊन बिठूरास गेला. नांवानें साहाय्यक असलेली सत्ता सोळा वर्षांच्या आंत राज्याची मालक झाली होती.

नांव आणि वस्तुस्थिति यांची अशी फारकत सर्वच ठिकाणीं घातक ठरते असें नाहीं. कधीं कधीं ती केवळ गमतीची असते. मुंबईच्या टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या चढून ज्या ग्रंथालयांत जातां येतें, त्याची कथा अशीच आहे. १८०४ सालीं सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकारानें मुंबईंत 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' ही विद्वत्सभा स्थापन झाली. तिनें स्वतःचें ग्रंथालय उभारलें, आपल्या सभासदांचे निबंध छापविले. पुढें १८२३ सालीं लंडनमध्यें रॉयल एशियाटिक सोसायटी निघाली. १८३० च्या सुमारास मुंबईची सभा तिला जोडली गेली आणि तिचें नांव 'बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी' असें झालें. 'ब्रँच' म्हणजे फांदी. फांदी झाडाच्या बुंध्यांतून फुटते, हें तर पोरालाहि ठाऊक. येथें मात्र फांदी बुंध्यापेक्षां एकोणीस वर्षांनीं मोठी होती!

वरील तीन प्रश्न येथेंहि लावून पाहावे. मुंबईच्या सभेचा संसार तिच्या स्वतःच्या सभासदांच्या वर्गणीवर चाले. तिचें ग्रंथालय तिचें होतें आणि स्वतःचें नियतकालिकहि ती काढीत असे. 'शाखा' हा शब्द तिनें मानासाठीं आणि विद्वानांच्या देवघेवीसाठीं पत्करला होता. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५ च्या सुमारास, हा शब्द गळून 'एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे' हें नांव आलें, तेव्हां एकहि पुस्तक कपाटांतून हलवावें लागलें नाहीं. याच लंडनच्या संस्थेशीं मद्रासच्या लिटररी सोसायटीनें जें नातें जोडलें त्यास 'ऑक्झिलिअरी', म्हणजे साहाय्यक मंडळ, असा शब्द योजला होता; आणि सर विल्यम जोन्स यांनीं १७८४ सालीं स्थापिलेली कलकत्त्याची सोसायटी तर शाखा झालीच नाहीं. एकाच संस्थेशीं तीन शहरांचीं तीन प्रकारचीं नातीं, आणि प्रत्येकास निराळें नांव. इतकी काटेकोर नजर त्या काळच्या मंडळींना होती.

व्यापारांत मात्र 'ब्रँच' शब्दाचा अर्थ असा सैल नाहीं. पेढीची शाखा ही पेढीच असते. तिला कायद्यानें निराळें अस्तित्व नसतें. शाखेनें केलेलें देणें तें मूळ पेढीचें देणें होतें. विद्वत्सभेच्या शाखेवरून बँकेच्या शाखेचा अर्थ लावूं नये, एवढाच याचा बोध.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याबरोबर 'ॲफिलिएशन' हा शब्द या प्रांतांत रूढ झाला. लॅटिनमध्यें 'फिलियस' म्हणजे पुत्र. त्यावरून 'ॲफिलिएट' करणें म्हणजे पुत्र म्हणून पदरांत घेणें. इंग्लंडमधील न्यायालयांत या शब्दाचा आणखी एक अर्थ पुष्कळ वर्षें चालत होता. विवाहबाह्य संततीचा पिता कोण हें ठरवून त्याच्याकडून पोटगी देवविणाऱ्या हुकुमास तेथें 'ॲफिलिएशन ऑर्डर' म्हणत. म्हणजे पितृत्व मान्य झालें कीं पित्यावर खर्चाची जबाबदारी येई.

मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालें होतें. तें प्रारंभीं स्वतः शिकवीत नसे. अभ्यासक्रम ठरवावे, परीक्षा घ्याव्या आणि पदव्या द्याव्या, एवढेंच त्याचें काम. शिकविण्याचें काम त्याला जोडलेल्या कॉलेजांचें. तेव्हां या नात्यांत पित्यानें पुत्राचा खर्च सोसण्याचा प्रश्नच नव्हता. उलट पुत्राच्या घरचीं मुलें परीक्षेची फी पित्याकडे भरीत. शब्दाच्या व्युत्पत्तीवर विसंबून कोणी विद्यापीठाकडे पोटगी मागावयास गेला असता तर त्याची फजितीच झाली असती.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजावरून हें नातें स्पष्ट होतें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ सालीं तिनें हें कॉलेज काढलें. जागा मिळविणें, इमारत बांधणें, वर्गणी जमविणें, अध्यापक नेमणें हीं सारीं कामें सोसायटीचीं. तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वर्षानुवर्षें शिकविलें, म्हणून तें कॉलेज उभें राहिलें. कॉलेज सोसायटीचें होतें. पदवी विद्यापीठाची होती. १९४९ सालीं पुण्यास निराळें विद्यापीठ झालें आणि फर्ग्युसन कॉलेज मुंबईकडून पुण्याकडे आलें. विद्यापीठ बदललें, पण मालक बदलला नाहीं, गुरुजन बदलले नाहींत, पिंपळाचें एक पानहि हललें नाहीं. दत्तक गेलेला मुलगा हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें जन्मघरचा हक्क सोडून नव्या घरचा वारस होतो. तसें येथें कांहींच घडत नाहीं. म्हणून 'ॲफिलिएटेड' या शब्दासाठीं मराठींत जो 'संलग्न' शब्द रूढ झाला तो मूळ इंग्रजी शब्दापेक्षांहि वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. संलग्न म्हणजे लागून असलेलें. दोन भिंती एकमेकींस लागून असल्या तरी घरें दोनच असतात.

तरी पण लागून असलेली भिंतहि दाबूं शकते. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०४ सालीं विद्यापीठांचा नवा कायदा झाला. त्यानें संलग्नतेच्या अटी कडक केल्या, कॉलेजांची तपासणी सुरू केली, आणि संलग्नता देण्याच्या व काढून घेण्याच्या बाबतींत सरकारचा शब्द अखेरचा ठरविला. ज्यांनीं स्वतः फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन केलें होतें, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत या विधेयकास कसून विरोध केला. कायद्यांत कोठेंहि असें लिहिलेलें नव्हतें कीं, कॉलेजें सरकारचीं झालीं. पण नातें तोडण्याची किल्ली कोणाच्या हातीं गेली हें गोखल्यांसारख्याच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें. तीन प्रश्नांपैकीं तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे तें यावरून दिसून येईल.

याच काळांत मुंबईच्या गिरणगांवांत आणखी एक शब्द आपल्या अर्थाविरुद्ध वाढत होता. 'एजंट' म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम करणारा. मराठी बाजारपेठेंत या कामाला पूर्वीपासून नेमके शब्द होते. गुमास्ता हा पगारी माणूस. अडत्या हा ठराविक अडत घेऊन दुसऱ्याचा माल विकणारा. मुखत्यार हा धन्यानें लिहून दिलेल्या अधिकारानें त्याच्या वतीनें व्यवहार करणारा. तिघांचा वकूब निराळा, पण तिघांच्याहि डोक्यावर धनी आहे याबद्दल कोणास शंका नसे.

१८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ती गिरणी सुरू झाली. त्यानंतर गिरण्यांची जी रांग लागली तिच्यांत 'मॅनेजिंग एजन्सी'ची पद्धति रूढ झाली. भागधारकांची कंपनी निराळी. ती चालविण्याचें काम करारानें एका पेढीकडे दिलेलें. मुंबईंत या पेढीला 'सेक्रेटरीज, ट्रेझरर्स अँड एजंट्स' असें लांबलचक नांव असे. चिटणीस, खजिनदार, अडत्या, हीं तीनहि पदें वरकरणीं सेवकाचीं. व्यवहारांत कच्चा माल कोणाकडून घ्यावा, यंत्रें कोणतीं आणावीं, कर्ज कोठून काढावें, संचालक म्हणून कोणास बसवावें, हें सारें पेढीच ठरवी. मुंबईच्या कित्येक गिरण्यांत पेढीचें कमिशन निघालेल्या मालावर, रत्तलामागें पाव आणा, असें असे. गिरणीला नफा झाला काय आणि तोटा झाला काय, माल निघाला कीं कमिशन चालूं. भागधारकाच्या हातीं कागद, आणि एजंटाच्या हातीं गिरणी. हा अधिकार बापाकडून मुलाकडे जाई. तो विकतांहि येत असे.

या पद्धतीनें कांहींच भलें केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या काळीं लोक नव्या धंद्यांत पैसा घालावयास भीत, त्या काळीं नांवाजलेल्या पेढीच्या भरंवशावरच भांडवल जमे. परंतु जो सेवक हलवितां येत नाहीं तो सेवक राहत नाहीं. १९३६ च्या दुरुस्तीनें कायद्यानें एजन्सीच्या करारास वीस वर्षांची मर्यादा घातली, १९५६ च्या कंपनी कायद्यानें तिच्याभोवतीं अधिक कुंपण घातलें, आणि ३ एप्रिल १९७० पासून ती पद्धतिच बंद झाली. पुण्याच्या तैनाती फौजेंत आणि मुंबईच्या एजंटांत एवढें साम्य होतें कीं, दोघांचींहि नांवें चाकराचीं आणि काम धन्याचें होतें.

नांवाचें हें सामर्थ्य ओळखून शब्द पारखून घेणाऱ्याचेंहि एक मोठें उदाहरण याच इतिहासांत सांपडतें. 'फेडरेशन' या शब्दाच्या मुळाशीं तह या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. स्वतंत्र घटकांनीं करार करून एकत्र यावें, तें फेडरेशन. म्हणूनच कामगारांच्या किंवा खेळाडूंच्या निरनिराळ्या संघटना मिळून फेडरेशन करतात तेव्हां प्रत्येक संघटना आपलें अस्तित्व राखून असते. १९३५ च्या कायद्यानें हिंदुस्थानचें असें फेडरेशन योजिलें होतें. पण संस्थानिक त्यांत आले नाहींत आणि तें प्रत्यक्षांत उतरलें नाहीं. पुढें राज्यघटनेच्या मसुद्यांत भारताचें वर्णन 'युनियन' या शब्दानें केलें गेलें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं या शब्दाचें कारण उलगडून सांगितलें. भारताची रचना फेडरेशनसारखी असली तरी ती राज्यांनीं आपसांत केलेल्या करारांतून निर्माण झालेली नाहीं. आणि करार नाहीं म्हणून कोणत्याहि राज्याला बाहेर पडण्याचा अधिकारहि नाहीं. एका शब्दाच्या निवडीनें त्यांनीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधींच देऊन ठेवलें. वसईच्या तहांत शब्दानें वस्तुस्थिति झांकली होती. येथें शब्दानें ती उघड केली.

आतां पुन्हां 'सब्सिडिअरी' या शब्दाकडे वळावें लागतें, कारण त्याचा प्रवास वसईस संपला नाहीं. व्यापारी कायद्यांत त्याला नवा जन्म मिळाला, आणि त्या जन्मांत त्याचें तोंड फिरलें. तहाच्या भाषेंत 'सब्सिडिअरी' ही बलवानाची फौज होती. कंपनीच्या भाषेंत 'सब्सिडिअरी' म्हणजे जिच्यावर दुसरीची सत्ता चालते ती कंपनी. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें एखाद्या कंपनीच्या मतांपैकीं निम्म्याहून अधिक मतें दुसरीच्या हातीं असलीं, किंवा तिचें संचालक मंडळ कोणाचें असावें हें दुसरी ठरवीत असली, म्हणजे ती दुसरीची 'सब्सिडिअरी', मराठींत उपकंपनी. 'असोसिएट' कंपनी ही याहून निराळी. तिच्यांत दुसरीचें वजन असतें. कायद्यानें त्यासाठीं मतांचा किमान पंचमांश ही खूण दिली आहे. पण ती उपकंपनी नसते. 'सिस्टर कन्सर्न' किंवा भगिनीसंस्था हा शब्द मात्र व्यवहारांतला आहे. त्या बहिणीवर दुसऱ्या बहिणीचें कर्ज फेडण्याची जबाबदारी केवळ त्या शब्दामुळें येत नाहीं.

या फरकाचें जिवंत उदाहरण मराठवाड्यानें पाहिलेलें आहे. १९४१ च्या कायद्यानें निजामाच्या राज्यांत हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. औरंगाबाद, नांदेड, परभणी हे जिल्हे त्या वेळीं त्याच राज्यांत होते. १९५६ सालीं ही बँक रिझर्व्ह बँकेची उपबँक झाली आणि तिचें नांव स्टेट बँक ऑफ हैदराबाद असें ठेवण्यांत आलें. १९५९ च्या कायद्यानें ती स्टेट बँक ऑफ इंडियाच्या ताब्यांत गेली. त्या कायद्याच्या नांवांतच 'सब्सिडिअरी बँका' हा शब्द होता. व्यवहारांत मात्र या बँकांना 'असोसिएट', म्हणजे सहयोगी, म्हणण्याची वहिवाट पडली. कंपनी कायद्याच्या आजच्या काटेकोर अर्थानें पाहिलें तर हा शब्द सौम्य होता. सहयोगी हा बरोबरीचा वाटतो, आणि या बँकांची मालकी तर मोठ्या बँकेकडे होती. अखेर १ एप्रिल २०१७ रोजीं ती बँक स्टेट बँकेंत विलीन झाली. ज्या दगडी इमारतींत शेतकरी आपलें खातें घेऊन येत, ती इमारत तीच राहिली, खिडकीआडचा कारकूनहि बहुधा तोच राहिला. पण काल ती एका निराळ्या बँकेची शाखा होती, आज ती स्टेट बँकेचीच शाखा झाली. कालपर्यंत खातेदाराचा करार एका कायदेशीर व्यक्तीशीं होता. त्या दिवसापासून तो दुसरीशीं झाला. पाटीवरचे दोन-तीन शब्द बदलले, त्यांत एवढें सारें बदललें.

योगायोग असा कीं, वेलस्लीच्या योजनेंत अगदीं आरंभीं सांपडलेला राजा हैदराबादचा निजाम होता, आणि दीडशें वर्षांनंतर त्याच राज्याच्या बँकेला कायद्यानें तोच शब्द लावला. पहिल्या वेळीं तो शब्द सत्ता लपवीत होता. दुसऱ्या वेळीं तो सत्ता कोणाची तें सरळ सांगत होता, आणि लोकांनींच त्याच्यावर 'सहयोगी' शब्दाची शाल पांघरली होती.

घराघरांतून आज मुलाच्या कॉलेजप्रवेशाचे अर्ज भरले जातात, ठेवीच्या पावत्या येतात, भागभांडवलाचीं माहितीपत्रकें येतात. त्यांवर मोठ्या संस्थेचें नांव ठळक असतें आणि नात्याचा शब्द बारीक अक्षरांत असतो. कॉलेज संलग्न आहे एवढ्यावरून विद्यापीठ तें चालवितें असें ठरत नाहीं. उपकंपनींत ठेवलेला पैसा मूळ कंपनी परत करीलच असेंहि ठरत नाहीं. शाखेंत ठेवलेला पैसा मात्र मूळ संस्थेकडेच ठेवलेला असतो. एजंटानें दिलेला शब्द धन्याला बांधतो कीं नाहीं, तें धन्यानें त्याला दिलेल्या अधिकारावर अवलंबून असतें.

या शब्दांचा अचूक उपयोग करण्यास लॅटिन यावें लागत नाहीं. लॅटिनवर विसंबणारा तर कांहीं वेळां फसतो, हें वर दिसलेंच आहे. त्यासाठीं पैसा कोणाचा, नेमणूक कोणाची आणि नातें तोडणार कोण, हे तीनच प्रश्न पुरे आहेत. मराठी घरांत नवें स्थळ सांगून आलें म्हणजे वडीलधारीं माणसें मुलाच्या नांवावर न भुलतां घर, वाटे आणि जबाबदाऱ्या विचारतात. संस्थांचीं नातीं वाचतांना तीच सावधगिरी बाळगली म्हणजे झालें. वसईस बाजीरावाजवळ हे प्रश्न विचारण्यास उसंत नव्हती. मागें होळकराची फौज होती. कागदावर सही करण्यापूर्वीं ज्याला दोन घटका शांतपणें बसतां येतें, त्याला तशी सबब सांगतां येणार नाहीं.